नव्या स्पोर्ट बाईकवर पहिला खर्च कशाचा?

दसरा-दिवाळीला घेतलेल्या गाड्यांची पहिली सर्व्हिसिंग उरकली की या सदराकडे एकाच चालीची पत्रं येऊ लागतात: गाडी तर झाली, आता तिला काय काय लावू? त्यांतली आठ इथे घेतली आहेत. किमती ढोबळ आहेत. दुकान बदललं की फरक पडणारच.

प्रश्न: यामाहा आर15 व्ही4 घेतली आहे, सहाशे किलोमीटर झाले. चाळीस हजार बाजूला ठेवलेत. यादी अशी आहे: सायलेन्सर, टेल टायडी (मागचा लांब मडगार्ड काढून लावायचा आखूड नंबरप्लेट होल्डर), ब्रेक-क्लचचे शॉर्ट लिव्हर, मागे 150 मिलिमीटर रुंदीचा टायर, फ्रेम स्लायडर आणि पैसे उरले तर जॅकेट. क्रम बरोबर आहे का?
— वाचक, कराड

उत्तर: क्रम बरोबर आहे, फक्त कागद उलटा धरलाय. जॅकेटपासून वर वाचत या.

चाळीस हजारांचा हिशेब आम्ही असा मांडू. हेल्मेट सात हजार, जॅकेट दहा, ग्लोव्ह्ज साडेतीन, बूट नऊ आणि पँटच्या आत किंवा वर बांधायचे गुडघ्यांचे गार्ड अडीच. झाले बत्तीस हजार. उरलेल्या आठांत फ्रेम स्लायडर तीन हजार, रेडिएटरची जाळी बाराशे, मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड अडीच हजार, चेनचा ब्रश, क्लीनर आणि ल्यूब मिळून आठशे. राहिलेल्या पाचशेत हवा मोजायचा बरा गेज येतो. सायलेन्सर, लिव्हर, टायर यांना या वर्षी एक रुपयाही मिळत नाही, आणि मिळायचं कारणही नाही. गाडीला हे तिन्ही कंपनीने दिलेलेच आहेत. तुम्हाला मात्र कंपनीने कातडीशिवाय काही दिलेलं नाही.

ग्लोव्ह्जवर लोक कंजुषी करतात, म्हणून थोडं सविस्तर. माणूस पडताना आधी तळहात टेकवतो. ती सवय शिकवून जात नाही. तळहात रस्त्याला चिकटला आणि शरीर पुढे गेलं की मनगटाजवळचं छोटं हाड मोडतं. चांगल्या ग्लोव्हला तळहाताच्या टाचेवर प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा असतो, तो हात घसरू देतो. मनगटावर वेगळा पट्टा हवाच. पट्टा आवळून दुसऱ्या हाताने बोटांकडून जोरात ओढून बघा. ग्लोव्ह निघून आला तर पडतानाही निघेल. आतल्या लेबलवर ईएन 13594 (ईएन म्हणजे युरोपचं मानक) आणि पुढे 1 किंवा 2 असा आकडा असतो; 'केपी' लिहिलं असेल तर बोटांच्या सांध्यांच्या संरक्षणाचीही चाचणी झालेली आहे.

बुटाने घोट्याची दोन्ही हाडं झाकली पाहिजेत. ईएन 13634च्या लेबलवर चार आकडे असतात: उंची, घासण्याला तोंड, कापण्याला तोंड, आणि तळवा आडवा दाबला जाण्याला तोंड. शेवटचा आकडा 2 असेल तर उत्तम, कारण गाडी पायावर पडते तेव्हा तोच कामाला येतो. दुकानात बूट घालून गिअर लिव्हरखाली पाय जातो का ते बघा. जाड बुटासाठी गिअर लिव्हर थोडा वर घ्यावा लागतो. तेवढं काम सर्व्हिस सेंटरमध्ये पाच मिनिटांत होतं.

आता स्लायडर, म्हणजे गाडी पडली की आधी जमिनीला टेकणारा बाजूचा गोटा. उभी गाडी साइड स्टँडवरून कलंडली तरी फेअरिंगच्या (बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचाच्या) एका बाजूचा खर्च स्लायडरच्या काही पट होतो, म्हणून तो यादीत ठेवला आहे. फेअरिंग न कापता बसणारा आणि तुमच्याच मॉडेलसाठी केलेला घ्या. तो इंजिन माउंटिंगच्या बोल्टच्या जागी लांब बोल्ट टाकून बसतो. एका वेळी एकच बोल्ट काढायचा, इंजिनखाली आधार ठेवायचा, आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळायचा. टॉर्क रेंच नसलेल्या दुकानात हे काम देऊ नका. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. नळीचे भलेमोठे क्रॅश गार्ड मात्र स्पोर्ट बाईकला टाळा: घसरताना नळी खड्ड्यात किंवा दुभाजकाला अडकली की गाडी उलटते, आणि धक्का माउंटिंगमधून थेट फ्रेममध्ये जातो.

पॅडॉक स्टँड हा चैनीचा भाग वाटतो, पण स्पोर्ट बाईकला मेन स्टँड नसतो आणि चेन साफ करायला चाक फिरवावंच लागतं. स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) खालून धरणारा एल आकाराचा स्टँड घेतला तर त्यावर लावायचे वेगळे स्पूल लागत नाहीत. चेन दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजली की त्याच दिवशी. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर कडक होऊन आतलं ग्रीस निघून जातं. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मग ल्यूब. इंजिन बंद ठेवूनच. गिअरमध्ये चालू चाकावर फडकं धरून बोटं गमावणारे दरवर्षी असतात.

प्रश्न: मुलाला गाडी घेऊन दिली. हेल्मेट घ्यायला गेलो तर दुकानदार तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंत दाखवतो. कशावर डॉट, कशावर ईसीई, कशावर आयएसआय. खरं कुठलं? आणि जॅकेटचं नाव काढलं की मुलगा म्हणतो, सांगलीच्या एप्रिलमध्ये कोण घालणार.
— एक आई, सांगली

उत्तर: भारतात विकायच्या दुचाकी हेल्मेटवर 1 जून 2021पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मानक आहे आयएस 4151. चिन्हाखाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते कळतं. दुकानातच तपासा, दुकानदाराला राग आला तर दुकान बदला. नुसता 'डॉट'चा स्टिकर असेल तर तो अमेरिकेचा नियम. तिथे कंपनी स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देते, आणि आपल्याकडे तो स्टिकर रस्त्यावर सुटा विकत मिळतो. ईसीई 22.06 हा युरोपचा नवा आणि कडक नियम. त्याचं लेबल हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेलं असतं, गोलात ई, आणि मंजुरी क्रमांकाची सुरुवात 06ने होते. पुढे 'पी' असेल तर हनुवटीच्या भागाचीही चाचणी झालेली आहे. आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेलं हेल्मेट सहा-सात हजारांत मिळतं. तिथपर्यंत जा. त्याच्या वरचे पैसे बहुतेक वजन, आवाज, हवा आणि रंगाचे असतात.

माप मुलाच्या डोक्याचं, आवडीचं नव्हे. भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटर आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवा. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, इतकं की बोलताना आतून गाल चावला जाईल. कपाळावर मात्र एका जागी टोचता कामा नये. पंधरा मिनिटं दुकानात घालून बसवा. मग पट्टा लावून मागच्या कडेला बोटं घालून पुढे ओढा. डोक्यावरून निघालं तर एक साइज खाली. गालाचे पॅड महिन्या-दीड महिन्यात सैल पडतात, म्हणून सुरुवातीला 'आरामात बसतंय' हे दुर्गुण समजा. काळी काच रात्री नको. साधी काच आणि उन्हासाठी आतला गॉगल चालेल. आरशावर टांगायची सवय लागू देऊ नका, आरशाची कड आतल्या थर्माकोलसारख्या थराला खळगे पाडते. तोच थर एकदाच दबून जीव वाचवतो. म्हणूनच एका अपघातानंतर, वरून धड दिसलं तरी, हेल्मेट बाद.

उन्हाचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं, जॅकेट असतं. लेबलवर ईएन 17092 आणि वर्ग बघा: एएए सर्वांत टणक, मग एए, मग ए. उन्हाळी मेश बहुधा 'ए'मध्ये येतं. शहर आणि जवळच्या रस्त्याला ते पुरे, रोजच्या हायवेला एए बघा. 'सी' म्हणजे नुसतं आर्मर (धक्का झेलणारे पॅड), कापड घासण्याला टिकण्याची हमी नाही. खांदे आणि कोपरांच्या आर्मरवर ईएन 1621-1, पाठीच्या आर्मरवर ईएन 1621-2 आणि लेव्हल 1 किंवा 2 असतं. पाठीच्या बाबतीत लेव्हल 2 म्हणजे धक्क्यातून शरीरापर्यंत सरासरी 9 किलोन्यूटनपेक्षा कमी जोर पोचतो. लेव्हल 1ला ती मर्यादा 18 आहे, म्हणजे दुप्पट. इथे एक मेख आहे: बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घालून देतात. खिसा उघडून बघा, लेबल नसेल तर दीड-दोन हजारांचा लेव्हल 2 पॅड वेगळा घेऊन घाला. चाळीस अंशांत अंगावर येणारी हवाच शरीरापेक्षा गरम असते, त्यामुळे नुसत्या मेशने गारवा येत नाही. आत ओला करून पिळलेला सुती टी-शर्ट घातला की येतो, अर्धा-पाऊण तास टिकतो, आणि मुलगा कुरकुर न करता जॅकेट घालतो.

प्रश्न: ऑनलाइन मागवलेले शॉर्ट लिव्हर लावले. दिसायला झकास. पण वीस-पंचवीस मिनिटं चालवलं की पुढचा ब्रेक दगडासारखा कडक होतो, गाडी ओढत नाही, आणि काल तर त्र्यंबकच्या रस्त्यावर पुढचं चाक जवळजवळ जाम झालं. थोडा वेळ थांबलं की आपोआप सुटतं. मेकॅनिक म्हणतो कॅलिपर बदला.
— वाचक, नाशिक

उत्तर: कॅलिपरला (चाकापाशी पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) हात लावू नका आणि ते लिव्हर लावून आता गल्लीबाहेरही जाऊ नका. जुना लिव्हर जपून ठेवला असेल तर आजच बसवा.

काय होतंय ते असं. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हर दाबला की ब्रेक ऑईल पुढे ढकलणाऱ्या भागात) पिस्टनच्या तोंडाशी, ऑईलच्या डबीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. ब्रेक सोडलेला असताना पिस्टन पूर्ण मागे जातो आणि ते भोक उघडं राहतं. गरम होऊन फुगलेलं ब्रेक ऑईल तिथूनच डबीत परत जातं. स्वस्त लिव्हरवरचा पिस्टनला टेकणारा उंचवटा अर्धा मिलिमीटर जरी जास्त असेल तरी पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो. भोक बंद. ऑईल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, म्हणून पॅड डिस्कला घासू लागतात. घासल्याने आणखी तापतं. हे चक्र चाक जाम होईपर्यंत चालतं. थांबल्यावर ऑईल निवलं की सुटतं, आणि मेकॅनिकपुढे गाडी नेता तेव्हा सगळं ठीक असतं. एबीएस इथे काही करू शकत नाही, हे नेहमीचं ब्रेकिंग नव्हेच.

खात्री करायची असेल तर मूळ लिव्हर बसवण्याआधी: लिव्हर हलका पुढे-मागे हलवा. पिस्टनला टेकण्याआधी साधारण मिलिमीटरभर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जाणवला पाहिजे. तुमच्यात तो शून्य असणार. त्याशिवाय झाकण उघडून डबीत बघत लिव्हर हळूच किंचित दाबा. सुरुवातीलाच ऑईलचा छोटा कारंजा वर आला तर भोक उघडं आहे. काहीच हललं नाही तर बंद. डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि ऑईल टाकीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते.

मेकॅनिकशी वाद मिटवायचा असेल तर चाक जाम असताना क्रमाने तपासायचं. आधी मास्टर सिलिंडरजवळचा बॅन्जो बोल्ट (ब्रेकचा पाइप जोडणारा) फडक्यात धरून किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडर किंवा लिव्हरचा. नाही सुटलं तर बोल्ट आवळून कॅलिपरचा ब्लीड स्क्रू, बहुधा आठ नंबरचा पाना, उघडा. आता सुटलं तर पाइप किंवा मधल्या भागात अडथळा. तरीही नाही, तर आणि तरच कॅलिपरचे पिस्टन अडकलेत. बॅन्जो उघडला तर पुन्हा लावताना तांब्याचे वॉशर नवे घाला आणि ब्रेक ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढा.

उंचवटा कानसने घासून बसवायचा सल्ला कोणी देईल. नको. जास्त घासला तर ब्रेक स्विचला लिव्हर टेकत नाही, मागचा दिवा लागत नाही किंवा कायम लागून राहतो. एकदा तापून गेलेलं ऑईल बदला, डॉट 4, बंद बाटलीतलं. पॅड काढून बघा: पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर नवे टाका. डिस्कवर निळे पट्टे असतील तर ती वाकली का ते डायल गेजने मोजून घ्या. रस्त्यात पुन्हा असं झालं तर बाजूला घेऊन लिव्हरचा पिव्हट बोल्ट सैल करा. लिव्हर पिस्टनपासून दूर गेला की दाब सुटतो.

शॉर्ट लिव्हर वाईटच असतात असं नाही. तुमच्याच मॉडेलसाठी नामांकित कंपनीने केलेले, पिव्हटला पितळी बुश असलेले चालतात. लांबी कमी झाल्याने त्याच ब्रेकला बोटांचा जोर जास्त लागतो, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न: स्लिप-ऑन सायलेन्सर (फक्त मागचा भाग बदलणारा) आणि हाय-फ्लो एअर फिल्टर टाकला तर पॉवर किती वाढेल? मित्र म्हणतो पोलीस फक्त आवाज ऐकतात, 'डीबी किलर' (आवाज कमी करणारी आतली नळी) घातला की झालं.
— वाचक, पुणे

उत्तर: 150-200 सीसीच्या गाडीत नुसत्या स्लिप-ऑनने कळेल एवढी पॉवर वाढत नाही. वजन दीड-दोन किलोने कमी होतं, ते मात्र खरं. सध्याच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) बहुधा बेंड पाइपमध्ये असतो, त्यामुळे मागची नळी बदलून इंजिनाला फारसं वेगळं काही मिळत नाही. अख्खी सिस्टीम बदलून कॅट काढला की मिश्रण बदलतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फक्त एकसारख्या चालीत सुधारणा करतो, पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. त्या तक्त्याला नव्या हवेची माहिती नसते. म्हणून वरच्या आरपीएमला इंजिन 'लीन' होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), तापतं, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. एप्रिल 2025पासूनच्या ओबीडी-2बी (धुरावर गाडीनेच लक्ष ठेवायचा नियम) गाड्यांत तर कॅटचं काम बरोबर चाललंय का यावरही नजर असते. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात ते पॉवरचं लक्षण नाही. बऱ्याचदा सांध्याचं गॅस्केट गळत असतं आणि हवा आत ओढली जाते.

फिल्टरचंही तेच. आपल्याकडच्या धुळीत कंपनीचा कागदी फिल्टर चाळणीचं काम चोख करतो. तेल लावून वापरायचा हाय-फ्लो फिल्टर धुऊन जास्त तेल लावला की ते पुढच्या सेन्सरपर्यंत जातं, कमी लावला की धूळ सिलिंडरपर्यंत.

कायद्याबद्दल मित्राची माहिती अर्धी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार कंपनीच्या मंजूर रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019मध्ये हेच स्पष्ट केलं. मालकाने केलेल्या प्रत्येक बदलाला कलम 182अ खाली पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या कलम 190(2)मध्ये दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स स्थगित. 80 ते 175 सीसीच्या गाडीला मंजुरीवेळी धावतानाच्या आवाजाची मर्यादा 77 डेसिबल असते. आतली नळी घातली तरी बहुतेक पुंगळ्या त्याच्या वर जातात. शहराशहरांत पोलिसांनी रोडरोलरखाली रांगेने घातलेले सायलेन्सर तुम्ही फोटोत पाहिलेच असतील. आणि अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी हीच यादी करतो.

त्या पैशांत इंजिनासाठी काही करायचंच असेल तर वेळेवर ऑईल बदला. डब्यावर 'जासो एमए2' (ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेलं. कारचं ऑईल स्वस्त पडतं म्हणून घातलं तर ओला क्लच घसरायला लागतो.

प्रश्न: आर15 व्ही4ला मागे 140 ऐवजी 150/60-17 टाकावा म्हणतो. पावसात पकड वाढेल ना?
— वाचक, म्हापसा

उत्तर: आकडेमोड करू. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, तिसरा रिमचा व्यास इंचांत. मूळ 140/70-17ची बाजूची उंची 140 गुणिले 0.70, म्हणजे 98 मिलिमीटर. 150/60ची 90. टायरचा व्यास साधारण 628वरून 612वर येतो, म्हणजे मागची बाजू 8 मिलिमीटर खाली बसते. गाडी वळणात उतरायला आळशी होते, आणि वेग मागच्या चाकावरून मोजणाऱ्या गाडीत स्पीडोमीटर अडीच टक्के जास्त दाखवतो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांची तुलना करूनच चालतात. त्यांचा ठोकताळा आपण उगाच हलवतो.

पावसातली पकड रुंदीने येत नाही. रुंद टायरला बाहेर ढकलायचं पाणी जास्त असतं. पकड येते रबराच्या मिश्रणाने, खोल खाचांनी आणि बरोबर हवेने. त्यामुळे मूळ मापातच, चांगल्या ओल्या पकडीचा रेडियल घ्या. पुढचा-मागचा एकाच कंपनीचा, एकाच जोडीचा. साइडवॉलवर चार आकडे असतात: 2325 म्हणजे 2025चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना माल दुकानदाराकडेच राहू द्या. वेगाच्या अक्षराची कंपनीच्या टायरशी तुलना करा. एस म्हणजे 180, एच म्हणजे 210 किलोमीटर. बाण फिरण्याच्या दिशेने आहे का, बॅलन्सिंग झालं का, हे तिथेच बघा.

नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो. पहिले दीडशे किलोमीटर हळूहळू तिरपे करत न्या. टायर पॉलिश अजिबात नको. पावसात हवा कमी करायची जुनी समजूतही सोडा: कमी हवेने खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जात नाही. गोव्यात पहिल्या पावसात रस्त्यावर उतरलेल्या जांभ्याच्या लाल चिखलावर कुठलाच टायर हुशार नाही, तिथे ब्रेक आधी आणि सरळ असताना.

प्रश्न: टेल टायडी लावली तर चालेल का? मूळ मडगार्ड फार कुरूप दिसतो.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर: कुरूप आहे, मान्य. पण एचएसआरपी, म्हणजे सक्तीची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, मागे 200 बाय 100 मिलिमीटरची असते आणि परत न वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते. ती हलवायची म्हणजे लॉक तोडायचं, मग डीलरकडून पुन्हा बसवून घ्यायची. बहुतेक टेल टायडीत पाटी आकाशाकडे झुकते, ते चालत नाही. पाटीचा दिवाही राहिला पाहिजे. शिवाय साडी गार्ड आणि मागच्या सीटचा हात धरायचा दांडा हे केंद्रीय मोटार वाहन नियम 123चे भाग आहेत, शोभेचे नाहीत. कापलेला मडगार्ड पावसात सगळा चिखल शॉकअपवर आणि मागे बसलेल्याच्या पाठीवर फेकतो. मागे बसलेली व्यक्ती घरची असेल तर हा बदल फार दिवस टिकत नाही.

प्रश्न: ठाण्याहून महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. लोणावळ्यापर्यंत मनगटं आणि कंबर कामातून जाते. हँडल उंच करणारे रायझर लावू का?
— वाचक, ठाणे

उत्तर: एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे तुम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताय. तिथल्या वाहतुकीत सतत क्लच आणि ब्रेक, त्यामुळे मनगटाला जास्त काम. पण आधी फुकटचे उपाय करा, रायझर शेवटी.

क्लिप-ऑनवर (स्पोर्ट बाईकच्या खाली असलेल्या दोन तुकड्यांच्या हँडलवर) वजन टाकून झोपायचं नसतं. टाकी गुडघ्यांनी धरायची, पोट थोडं आत, कोपरं किंचित वाकलेली. टाकी आणि तुमच्यात मूठभर अंतर. मांड्यांनी धरायला टाकी गुळगुळीत असेल तर दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड चिकटवा. बाराशे रुपयांत एवढा फरक दुसरं काही करत नाही. मग लिव्हर: बसलेल्या स्थितीत बोटं सरळ करून लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी. मनगट वर मुडपत असेल तर क्लॅम्प सैल करून लिव्हर खाली फिरवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फेअरिंगला काही घासत नाही ना ते बघा. क्लच केबलचा प्ले लिव्हरच्या टोकाशी दहा ते पंधरा मिलिमीटर.

कंबरेसाठी शॉकअप. मागचं चाक पूर्ण सुटं लटकवून ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत मोजा. मग राइडिंगच्या सगळ्या कपड्यांत, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा, एकजण गाडी धरेल, दुसरा तेच अंतर मोजेल. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या 25 ते 30 टक्के हवा. हालचाल 120 मिलिमीटर असेल तर 30 ते 36. फरक कमी आला तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवल्याचा ताण) जास्त आहे: खड्डा थेट कण्यात. सी-स्पॅनरने एक खाच कमी करा आणि पुन्हा मोजा. फरक जास्त आला तर उलट. पंचावन्न-साठ किलोच्या माणसाला कंपनीची सेटिंग बऱ्याचदा कडक पडते. जास्त हवा भरून धक्के वाढवणारेही कमी नाहीत. थंड टायरवर, स्विंगआर्मच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याएवढीच.

हे सगळं करून महिनाभरात फरक पडला नाही तर वीस-पंचवीस मिलिमीटरचे रायझर. मात्र त्याने क्लच केबल, थ्रॉटल केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून इंजिन चालू ठेवा. वळवताना आरपीएम आपोआप वाढलं तर थ्रॉटल केबल ओढली जातेय, तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

प्रश्न: मोबाइलचा माउंट आणि चार्जर कुठला घ्यावा? दुकानदार हेडलाइटच्या वायरला जोडून देतो म्हणाला.
— वाचक, नागपूर

उत्तर: हेडलाइटच्या वायरला नको. वायर कापली की वॉरंटीत इलेक्ट्रिकलचा मुद्दा आला की कंपनीचे हात वर. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून इंचभर अंतरात तीन किंवा पाच अँपिअरचा फ्यूज, मग रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), रिले चालू होईल इग्निशनच्या चावीवर. असं केलं नाही तर रात्रभर चालू राहिलेला चार्जर स्पोर्ट बाईकची छोटी बॅटरी सकाळपर्यंत उतरवतो. नुसते दाबून बसवायचे निळे-लाल क्लिप कनेक्टर कंपनाने सैल होतात. सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), किंवा वॉटरप्रूफ कपलर.

माउंट रबरी डॅम्पर असलेलाच. ॲपलने 2021मध्ये स्वतःच सांगितलं आहे की जास्त पॉवरच्या मोटारसायकलची कंपनं फोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला बिघडवू शकतात, आणि इतर कंपन्यांच्या तसल्या कॅमेऱ्यांची रचना फार वेगळी नसते. एकच सिलिंडर सात-आठ हजार आरपीएमवर फिरत असताना हँडलवर जे होतं ते हाताला कळतंच. शक्य असेल तर फोन जॅकेटच्या खिशात आणि रस्ता कानात ऐका. हेल्मेटमध्ये स्पीकर बसवताना आतला थर्माकोल कोरू मात्र नका. बऱ्याच हेल्मेटांत कानांपाशी तेवढा खळगा दिलेलाच असतो.